सातव्या चिपजवळचा केस

सलूनच्या दारात पाऊल टाकलं की आधी साबणाचा वास येतो आणि त्यामागोमाग तापलेल्या धुळीचा. साबण नवऱ्याचा, धूळ बायकोची. खोली एकच, लांबट. पुढच्या अर्ध्या भागात दोन खुर्च्या आणि तीन आरसे. मागच्या अर्ध्या भागात भिंतीला लावलेल्या फळ्यांवर सव्वीस जुने डेस्कटॉप कॉम्प्युटर. मध्ये पूर्वी पडदा होता. गिऱ्हाइकं पडद्यामागे डोकवायला मान वळवायची आणि गालावर वस्तरा असताना मान वळवणं बरं नाही, म्हणून तो काढून टाकला.

दुकानात येणारे नवऱ्याला काका म्हणतात. जुनी मशीनं जमवणारे बायकोला सोल्डरताई म्हणतात. काका आणि ताई एकमेकांचे नवरा-बायको कसे, हा प्रश्न नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं. काकांचं उत्तर ठरलेलं आहे: "तिला विचारा. तारखा तिच्याकडे असतात."

तारखा खरोखरच ताईंकडे असतात. एखादं मशीन समोर आलं की त्या आधी त्याच्याभोवती फिरतात. प्लास्टिक कुठे पिवळं पडलंय ते बघतात, कारण खिडकीकडची बाजू जास्त पिवळी होते. मग मागच्या जाळीला नाक लावतात. मग दोन्ही हातांनी उचलून वजन घेतात. एवढं झाल्यावर मशीन कोणी बनवलं आणि साधारण कधी, हे त्या सांगतात. झाकण उघडायचं ते खात्री करायला. आत प्रत्येक चिपवर चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन सालाचे, पुढचे दोन त्या सालातल्या आठवड्याचे. त्यावरून ताईंनी एक नियम केला आहे आणि तो आता जुनी मशीनं जमवणारे सगळेच पाळतात: मशीन आपल्या सर्वांत धाकट्या चिपपेक्षा थोरलं असू शकत नाही.

प्रत्येक मशीनखाली ताईंच्या अक्षरातलं एक कार्ड आहे. साल, बनवणारा, आलं तेव्हाचा बिघाड, काय बदललं. अडुसष्टाव्या वर्षीही अक्षर सरळ रेषेत जातं.

सव्वीस कार्डं होती आणि एक कार्ड कमी होतं.

पंचविसाव्या वर्षी ताई एका कारखान्यात लागल्या. मुलाखतीत शिक्षण कोणी विचारलं नाही. बारा सुया पुढे ठेवल्या आणि ओवायला सांगितल्या. ताईंनी ओवल्या आणि तेरावी मागितली. मोज्यांच्या जुन्या गोदामात अकरा बायका ओळीने बसून कॉम्प्युटर जोडायच्या. ताईंच्या वाट्याला सोल्डरिंग होतं, म्हणजे तापल्या टोकाने कथील वितळवून चिपचे पाय बोर्डला जोडायचे. कारखान्याने चार वर्षांत चारेकशे मशीनं काढली आणि शहाऐंशीच्या मार्चमध्ये दार बंद केलं. ताई सलूनच्या मागच्या अर्ध्या भागात टेबल टाकून बसल्या आणि पुढची पंचवीस वर्षं लोकांची मशीनं दुरुस्त करत राहिल्या. मग लोक दुरुस्तीला आणेनासे झाले आणि फेकून द्यायला लागले. ताईंनी जमवायला सुरुवात केली ती तेव्हापासून.

जगभरची मशीनं फळीवर आली. स्वतःच्या कारखान्याचं एकही आलं नाही. चारशेपैकी बहुतेकांचा वीजपुरवठा जळाला आणि ती भंगारात गेली. एखादं कुठे शिल्लक असेल तर ते ताईंना हवं होतं. त्याबद्दल त्या फार बोलत नसत. फक्त सर्वांत खालच्या फळीवर, टेबलाशी बसल्यावर डोळ्यांसमोर येईल अशी, दीड हात जागा रिकामी ठेवलेली होती. काकांनी तिथे एकदा टॉवेलांची चळत ठेवली. संध्याकाळपर्यंत चळत परत काकांच्या खुर्चीत.

शनिवारी सकाळी शेठचा निरोप आला.

शेठ म्हणजे भंगारवाले. त्यांच्या अंगणात वजनकाटा आहे, पत्र्याची शेड आहे आणि शेडमध्ये एक टेबल आहे. त्या टेबलाची एक रीत आहे. पूर्वी जुनं मशीन आलं की दोघे-तिघे जण झोंबायचे, आपापले स्क्रू-ड्रायव्हर काढायचे आणि तासाभरात मशीनचे पाच तुकडे व्हायचे. शेठना तो प्रकार आवडेना. त्यांनी ठरवलं की ओळख आधी, स्क्रू मागाहून. ज्याला मशीन हवं त्याने ते बघावं, हुंगावं, उचलावं, पण उघडू नये आणि चालू करू नये. चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहाव्यात: कोणी बनवलं, कधी बनवलं आणि आतली अशी एक गोष्ट जी बाहेरून दिसत नाही. मग शेठ झाकण उघडणार. ज्याचं जास्त बरोबर, मशीन त्याचं, भंगाराच्या भावाने.

त्या दिवशी ताईंखेरीज फक्त मास्तर आले होते. मास्तर निवृत्त गणितशिक्षक, ताईंचे बारा वर्षांचे प्रतिस्पर्धी आणि तितक्याच वर्षांचे मित्र.

"दोघंच?" शेठ म्हणाले. "बाकीच्यांना काय झोप लागली?"

"बाकीचे हरायला कंटाळलेत," मास्तर म्हणाले. "मी अजून कंटाळलो नाही."

टेबलावरच्या मशीनला कोणीतरी निळा ऑइलपेंट फासला होता, तोही ब्रशने, खालून वरती. नावाची पट्टी गायब होती. कीबोर्ड झाकणातच बसवलेला होता आणि त्याची दोन बटणं उडालेली होती. मास्तरांनी चष्मा पुसला आणि बघायला सुरुवात केली. ताईंनी मशीनखाली हात घातला, मागच्या कडेवरून बोट फिरवलं आणि हात तिथेच राहिला.

"शेठ, पाणी द्या."

"चक्कर येतेय का ताई?"

"नाही. बोटं धुवायचीत. पुन्हा बघते."

बोटं धुऊन त्यांनी पुन्हा चाचपलं. कारखान्याच्या साच्याला मागच्या बाजूला एक खोच पडली होती. त्यामुळे प्रत्येक झाकणाच्या खालच्या कडेला तांदळाएवढा उंचवटा यायचा. निळ्या रंगाखाली तो जागेवर होता.

चिठ्ठ्या लिहून झाल्या. शेठनी घसा खाकरला. वाचून दाखवायचं काम ते कोणाला देत नाहीत.

"ताईंची चिठ्ठी. कोणी बनवलं: आमच्या कारखान्याने. कधी: पंच्याऐंशी साल, शेवटचे दोन महिने. आत काय: बोर्डला पाच स्क्रू, सहावं भोक रिकामं." शेठनी मान वर केली. "हे काय आता?"

"उघडलंत की सांगते."

"मास्तरांची चिठ्ठी. कोणी बनवलं: झाकण त्या कारखान्याचं, पण मशीन कारखान्याचं नाही. उरल्यासुरल्या मालातून नंतर कोणीतरी जोडलेलं. कधी: शहाऐंशीचा उत्तरार्ध. आत काय: वेगवेगळ्या तारखांच्या चिपा."

"नंतर कोण जोडणार मास्तर?" ताई म्हणाल्या.

"ज्याने नावाची पट्टी लावली नाही आणि निळा रंग फासला, तो. कारखान्याचं मशीन कोणी असं रंगवेल का? तुम्हीच सांगा."

शेठनी झाकण उघडलं. आत धूळ, कुरतडलेला कागद आणि एक मेलेलं झुरळ. बोर्डला पाच स्क्रू होते. उजवीकडचं मागचं भोक रिकामं होतं.

"आमचा स्क्रू-ड्रायव्हर तिथे पोचायचाच नाही," ताईंनी खुलासा केला. "मध्ये साच्याचा खांब यायचा. मग सगळ्या जणी पाचच लावायच्या. महिन्याच्या शेवटी स्क्रू उरायचे. साहेबांना वाटायचं, स्क्रूवाला मोठा उदार माणूस आहे."

"एक गुण ताईंना," शेठ खुशीत म्हणाले.

मास्तर मात्र बोर्डवर वाकले होते. मेमरीच्या आठ चिपा ओळीने बसल्या होत्या. मास्तरांनी डावीकडून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "आठ-पाच-चार-सहा. आठ-पाच-चार-सहा." सहा वेळा तेच. सातव्या चिपशी थांबले. "आठ-सहा-तीन-एक." आठवी पुन्हा आठ-पाच-चार-सहा. मग ते सरळ उभे राहिले. "शहाऐंशीचा एकतिसावा आठवडा. कारखाना कधी बंद झाला ताई?"

"बाराव्या आठवड्यात."

"नंतर बदलली असेल हो!" शेठ मध्येच म्हणाले. ते तटस्थ असतात, पण ताईंच्या बाजूने.

"बदलली असेल तर खूण असेल," मास्तर म्हणाले. "दुरुस्ती करणारा सॉकेट लावतो, म्हणजे चिप खोचायची बैठक. ती इथे नाही. थेट सोल्डर आहे. आणि सोल्डरिंगमधलं मला कळत नाही, ताईंना कळतं. ताईंनीच बघावं. त्या म्हणतील ते मला मान्य."

ताईंनी भिंग घेतलं. बोर्ड उलटा केला, सुलटा केला. सातव्या चिपचे सोळा पाय एकेक करून पाहिले, मग शेजारच्यांचे सोळा. चांगली पाच मिनिटं गेली. पुन्हा तापवल्याचा डाग नाही, तांबं उचललेलं नाही, एकही थेंब वाकडा नाही. एका पायाच्या कडेला सोल्डरच्या राळेचा मोहरीएवढा थेंब होता आणि त्यात एक बारीक केस.

"उंदराचा," मास्तर म्हणाले. "कागद कुरतडून गेलेत महाराज."

ताईंनी भिंग खाली ठेवलं. "बदललेली नाही. हे मूळ काम आहे. फार सुरेख काम आहे."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मशीन सर्वांत धाकट्या चिपपेक्षा थोरलं असू शकत नाही, हा नियम ताईंचा. चिप मूळची आहे, हा निकालही ताईंचा. कारखाना बंद झाल्यावर चार महिन्यांनी जोडलेलं मशीन कारखान्याचं कसं म्हणायचं? मास्तरांना तीन गुण, ताईंना एक.

"काय करणार त्याचं?" ताईंनी विचारलं.

"माझ्या एका मशीनला बटणं हवीत. कीबोर्ड सोडवतो, बटणं काढतो. बाकीचा सांगाडा सोमवारी शेठकडे परत."

"तसंच ठेवा ना."

"घरी आठ मशीनांची परवानगी आहे ताई. नववं आत आलं की मी बाहेर. मूळचं असतं तर भांडलोही असतो, पण ह्या जोडतोडीसाठी?"

ताईंनी आणखी आग्रह केला नाही. रीत ती रीत. आजवर त्या रीतीने त्यांनी मास्तरांकडून सात मशीनं नेली होती.

सलूनमध्ये त्या परतल्या तेव्हा खुर्चीत ड्रायव्हिंग स्कूलवाला बसला होता. उजवा गाल झालेला, डाव्या गालावर फेस.

"काय झालं?" काकांनी आरशातूनच विचारलं.

"हरले."

"किती वर्षांनी?"

"वर्षांनी नाही. एकोणीस आठवड्यांनी."

"कशाचं चाललंय?" ड्रायव्हिंगवाल्याने विचारलं.

"तुम्ही ओठ हलवू नका," काका म्हणाले.

ताईंनी सगळं सांगितलं. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून, हातवारे न करता, रेडिओवर बातम्या सांगतात तसं. खोच, पाच स्क्रू, सातवी चिप. "आणि मी स्वतः भिंगातून बघून सांगितलं की काम मूळचं आहे. अगदी थेंबन्‌थेंब आमच्या ओळीतल्यासारखा. वर मास्तर म्हणतात, आत उंदरं नांदून गेली. त्या राळेत केस होता ना एक."

वस्तरा गालापासून वीतभर अंतरावर थांबला.

"कसला केस?"

"उंदराचा."

"ते मास्तर म्हणाले. तू पाहिलास तो कसा होता?"

"पांढरा."

"सगळा पांढरा?"

"टोकाला पांढरा. मध्ये काळा पट्टा. बुडाशी पिवळट."

"लांब केवढा?"

ताईंनी बोटाचं एक पेर दाखवलं आणि वर थोडं. "एवढा. का? तुमची आणि उंदरांची ओळख आहे का?"

"पन्नास वर्षं केसच ओळखतोय मी," काका म्हणाले. "उंदराच्या अंगावर एवढा केस असता तर तो माझ्याकडे कटिंगला आला असता."

त्यांनी वस्तरा मिटून खिशात टाकला. वापरायच्या वस्तू वरच्या खणात असतात, मोडीत काढलेल्या खालच्या. खालच्या खणातून त्यांनी शिंगाच्या मुठीचा, एका बाजूला टवका उडालेला दाढीचा ब्रश काढला. काम शिकवणाऱ्या वस्तादाने दिलेला. पांढऱ्या टॉवेलवर तो आडवा ठेवला. टोकाला पांढरा, मध्ये काळा पट्टा, बुडाशी पिवळट.

ताईंनी ब्रशकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. मग पुन्हा ब्रशकडे.

"शहाऐंशी साल," काका शांतपणे म्हणाले. एवढ्या वर्षांत कोर्टात उभं राहायची संधी न मिळालेल्या माणसाचा तो शांतपणा होता. "हा ब्रश तीन दिवस गायब होता. सगळं दुकान उलटंपालटं केलं. चौथ्या दिवशी बेसिनच्या मागे सापडला. जळक्या राळेचा वास येत होता आणि अर्धे केस चिकटलेले. मी तुला विचारलं. तू काय म्हणालीस?"

"आठवत नाही."

"तू म्हणालीस, मला काय करायचाय दाढीचा ब्रश? मला दाढी आहे का?"

ड्रायव्हिंगवाला फेसातून फुसकन हसला.

ताईंनी ब्रश उचलून हातात घेतला. त्या स्टुलावरून उठल्या होत्या. "वाचनालय," त्या म्हणाल्या. "वाचनालयाचं मशीन होतं ते. तिथल्या कारकुनाने कीबोर्डवर चहा सांडला. चहा खाली बोर्डवर गेला आणि मेमरीची एक चिप मेली. तेव्हा त्यावर नावाची पट्टी होती, रंग नव्हता. कारखान्याचे ब्रश कारखान्याबरोबर गेले होते. राळ पुसायला माझ्याकडे काही नव्हतं. मग तुमचं स्पिरिट आणि..."

"आणि?"

"आणि तुमचा ब्रश," ताई म्हणाल्या. एकोणचाळीस वर्षांनी.

काकांनी फक्त मान डोलावली. ताईंचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. "मी तेव्हा सॉकेट लावतच नव्हते," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "हात थरथरतो त्याने सॉकेट लावावं, असं म्हणायचे मी. आता लावते, नजर गेल्यापासून. म्हणून मास्तरांना संशय आला नाही. पण मला यायला हवा होता की नाही? मी भिंगातून बघत होते आणि मनात म्हणत होते, कोणी केलंय हे, किती सुरेख हात आहे. आणि तो केस धुळीत पडलेला नव्हता, राळेच्या आत होता. उंदीर काय ओल्या राळेत जाऊन बसणार होता?"

"काखेत कळसा," काका म्हणाले.

"मास्तर कीबोर्ड कधी उघडणार म्हणाले?" ड्रायव्हिंगवाल्याने विचारलं. तो आता पुरता गुंतला होता.

"म्हणाले नाहीत. पण जेवण झालं की बसतील." ताईंनी घड्याळ पाहिलं. दोनला दहा कमी. "ते साडेबाराला जेवतात!"

"गाडी बाहेरच आहे," ड्रायव्हिंगवाला उठला. "पण काका, माझा डावा गाल? चारला माझ्या पोरांची परीक्षा आहे, साहेबांसमोर उभं राहायचंय."

"डावा गाल तिथे करू. चला."

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. त्या बाजूला काका बसले. प्रत्येक वळणावर त्यांचा पाय आपोआप खाली जायचा आणि गाडी मधोमध थांबायची.

"काका, पाय उचला!"

"तुम्ही फार जोरात घेता."

"मी शिकवतो हो गाडी!"

"त्याचीच काळजी वाटते."

मागच्या सीटवर ताई ब्रश रुमालात गुंडाळून, दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या.

मास्तरांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात चिमटा होता. आत टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर कीबोर्ड ठेवलेला. चार बटणं उपटून वाटीत काढलेली. निळं झाकण बाजूला, बोर्ड अजून शाबूत. मास्तरांनी ताईंकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि अर्ध्या चेहऱ्यावर फेस वाळलेल्या माणसाकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"हे कोण?"

"साक्षीदार," काका म्हणाले.

भिंग आलं. राळेतल्या केसाशेजारी ब्रशचा केस धरला. मास्तरांनी डावा डोळा लावून पाहिलं, मग उजवा. "जुळतो," ते म्हणाले. "अगदी जुळतो. पण ताई, एवढ्याने सिद्ध होत नाही. असे ब्रश शहरात शंभर असतील. कोणीही वापरला असेल."

"बरोबर आहे," ताई म्हणाल्या. त्यांना मास्तरांचा राग आलेला दिसत नव्हता, उलट तकाकी आली होती. "कीबोर्डच्या खालचा पत्रा काढलात?"

"अजून नाही. आधी बटणं."

"मग शेठच्या रीतीने सांगते. न उघडता. पत्र्याच्या आत, उजव्या कोपऱ्यात, चहाचा डाग असेल. गोल नाही, पसरट. आणि मधल्या लांब बटणाखाली कापडाची चौकोनी घडी. त्याची स्प्रिंग गंजली होती, नवी मिळेना, म्हणून मी कापड घातलं. पांढरं, निळ्या किनारीचं."

काकांनी मान वळवली. "निळ्या किनारीचे टॉवेल माझ्या दुकानात होते."

ताईंनी मास्तरांकडेच बघत राहणं पसंत केलं.

"टॉवेलसुद्धा?" काका म्हणाले.

मास्तरांनी सहा स्क्रू काढले. इथे सहाच्या सहा होते. पत्रा उचलला. उजव्या कोपऱ्यात तपकिरी डाग, एखाद्या नकाशातल्या तळ्यासारखा. मास्तरांनी चिमट्याने लांब बटण उचललं. खाली बोटभर कापडाची घडी, पांढरी होती ती आता करडी झालेली, कडेला निळा दोरा.

पहिला हसला तो ड्रायव्हिंगवाला. मग मास्तर. चेहरा न हलवता हसायची त्यांना शाळेपासूनची सवय आहे, पण ह्या खेपेला त्यांना चष्मा काढावा लागला. ताई हसता हसता खुर्चीत बसल्या. काका हसत नव्हते. ते कापडाच्या तुकड्याकडे, हरवलेलं माणूस सापडावं तसं बघत होते.

"सहा टॉवेल घेतले होते त्या वर्षी," ते म्हणाले. "धोब्याशी भांडलो मी. त्याला चोर म्हणालो."

"मोठा नव्हता कापला," ताई म्हणाल्या. "कोपराच."

मास्तरांनी वाटीतली चारही बटणं स्वतःच्या हाताने जागच्या जागी बसवली. मग शेठना फोन लावला, कारण निकाल टेबलाचा आणि तो बदलायचा तर टेबलवाल्यानेच. शेठनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा "टॉवेल?" असं विचारलं आणि निकाल दिला. "बनवणारा ताईंचा, साल ताईंचं, स्क्रू ताईंचे. तीन गुण. मास्तरांना वेगळ्या तारखांच्या चिपांचा एक. मशीन ताईंचं. आणि मास्तर, उंदीर म्हणालात त्याचा चहा तुमच्याकडे."

"माझं गणित चुकलं नव्हतं," मास्तर म्हणाले. "एकोणीस आठवडे म्हणजे एकोणीसच. फक्त ते मशीनचे नव्हते, दुरुस्तीचे होते."

चहा होईपर्यंत काकांनी मास्तरांच्या बेसिनसमोर ड्रायव्हिंगवाल्याला उभं केलं. मास्तरांचा साबण घेतला, खिशातला वस्तरा उघडला आणि रुमालातला जुना ब्रश पाण्यात बुडवला. एकोणचाळीस वर्षं अर्धवट चिकटलेल्या केसांनी अजून फेस धरला. डावा गाल तीनच्या आत झाला. चारच्या परीक्षेत पोरं पास झाली की नाही हे कळायला मार्ग नाही, पण त्यांचे गुरुजी दोन्ही बाजूंनी स्वच्छ होते, एवढं नक्की.

जुनं मशीन ताई कधीही आणल्या दिवशी चालू करत नाहीत. वीजपुरवठ्यातले म्हातारे भाग फुटतात. ह्याही वेळी त्यांनी चार दिवस घेतले. रंग मात्र काढला नाही. वाचनालयातून मशीन कोणाकडे गेलं आणि त्याने ते निळं का केलं, हे त्यांना ठाऊक नाही, पण तो त्या माणसाचा निर्णय होता, असं त्या म्हणतात. गुरुवारी सकाळी, दोन्ही खुर्च्यांत गिऱ्हाईक असताना, त्यांनी बटण दाबलं. पंखा घुरघुरला. जोडलेल्या मॉनिटरचा हिरवा पडदा हळूहळू उजळला, मशीनने आपल्या आठही चिपा मोजल्या आणि एक लहानसा बीप दिला. डावीकडे वर एक चौकोन लुकलुकायला लागला. काकांनी खुर्चीतल्या माणसाला मान वळवायची परवानगी दिली. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

कारखान्यात शेवटी तपासताना ताई जे टाइप करायच्या तेच त्यांनी टाइप केलं: एक ते नऊ आणि शून्य. लांब बटण दाबलं. घडीने ते नीट परत वर आणलं.

मशीन आता खालच्या फळीवर, रिकाम्या ठेवलेल्या जागेत आहे. ताईंनी आपल्या नियमातही दुरुस्ती केली आहे: मशीन आपल्या सर्वांत धाकट्या चिपपेक्षा थोरलं असू शकत नाही, दुरुस्ती करणाऱ्याला स्वतःच्या हाताचा गर्व नसेल तर. मास्तर म्हणतात, नियमाला एवढी शेपटी असू नये. ताई म्हणतात, असू दे.

राळेतला केस काढायचा नाही, ही अट काकांची. कार्डावर काय लिहायचं तेही त्यांनीच सांगितलं आणि लिहून होईपर्यंत मागे उभे राहिले. सत्ताविसावं कार्ड असं आहे:

साल १९८५. बनवणारा: आमचा कारखाना. बिघाड: चहा. बदललं: मेमरीची सातवी चिप, १९८६. ब्रश आणि टॉवेल: नवऱ्याचे. न विचारता घेतलेले.